कोरी जागा म्हणजे शून्य नव्हे

नानांच्या घरी भिंतीवर एक घड्याळ होतं आणि त्याला काटे नव्हते. ते बंद पडलं, दुरुस्तीला दिलं, दुरुस्त झालं नाही, तेव्हा नानांनी काच काढून दोन्ही काटे उपटले आणि घड्याळ परत जागेवर टांगलं. मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले तेव्हा न राहवून विचारलं, "हे काय नाना?" तर म्हणाले, "ते दिवसभर सव्वाचार सव्वाचार करत होतं. त्याला काय माहीत किती वाजले? माहीत नसेल तर गप्प बसावं माणसानं." मग टांगून तरी कशाला ठेवलं, हे मी विचारलं नाही. तोवर मला त्यांच्या हाताखाली वर्ष झालं होतं आणि त्यांच्याकडे छोट्या प्रश्नाचं उत्तर छोटं नसतं हे मला पुरतं कळलं होतं.

आमचं ऑफिस नद्यांचं पाणी मोजायचं. मोजायचे ते खरे खेड्यापाड्यांतले मोजणीदार. गिरणा, वाघूर, पांझरा, तापी, जिथे जिथे काठावर आकड्यांची पट्टी रोवलेली होती तिथे रोज सकाळी जाऊन पाणी कुठवर आलंय ते बघायचे आणि कळवायचे. ते आकडे जळगावात आमच्याकडे यायचे. मी ते कॉम्प्युटरात भरायचे आणि नाना त्यांचे प्रोग्राम लिहायचे. तेव्हा जळगावात कॉम्प्युटर म्हणजे बघायला येण्याची वस्तू होती. चपला बाहेर काढून त्या गार खोलीत शिरायचं, आणि आत नाना स्वेटर घालून बसलेले असायचे. उंच, खांद्यात वाकलेले, दाढी कधी केलेली, कधी निम्मीच केलेली. साहेबांपासून शिपायापर्यंत सगळे त्यांना नानाच म्हणायचे, त्यामुळे मीही म्हणू लागले.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला झापलं. वाघूरवरच्या एका ठिकाणाची एका दिवसाची नोंद आली नव्हती, तिथे मी शून्य भरून मोकळी झाले होते. नाना छापील कागद घेऊन माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले.

"नदी आटली का?"

"नाही. का?"

"मग शून्य कुठून आणलंत?"

"तिथे काहीच लिहिलेलं नव्हतं म्हणून."

"काहीच लिहिलेलं नाही म्हणजे शून्य नाही, बाई. शून्य ही बातमी आहे. माणूस पट्टीपर्यंत चालत गेला, वाकून पाहिलं, पाणी नव्हतं. कोरी जागा म्हणजे कुणी गेलंच नाही. तुम्ही न गेलेल्या माणसाला तिथे नेऊन उभं केलंत."

मी बी.कॉम. पहिल्या वर्गात पास झालेली. सगळ्यांसमोर असं ऐकून घ्यायची सवय नव्हती. दुपारी डबाही खाल्ला नाही. संध्याकाळी त्यांनीच माझ्या टेबलावर भरताच्या वांग्यांची पिशवी आणून ठेवली आणि काही न बोलता निघून गेले. माफी मागायची त्यांची ही रीत होती. पुढे मला बरीच वांगी मिळाली.

तेव्हाच्या यंत्राची खोडच अशी होती, की कोरी जागा दिसली की ते तिला बिनदिक्कत शून्य समजायचं. म्हणून ऑफिसात एक जुनी रीत पडलेली होती. नोंद नसेल तिथे नऊशे नव्व्याण्णव भरायचे, म्हणजे पाहणाऱ्याला कळावं की हा आकडा खरा नाही. माणसाला कळायचंही. पण एकदा वरच्या ऑफिसातल्या कुणीतरी ते नऊशे नव्व्याण्णवसुद्धा धरून पांझरेची सरासरी काढली, आणि ज्या नदीत मार्च महिन्यात म्हैस धड बसत नाही तिच्यात धुळं बुडेल एवढं पाणी निघालं. आम्ही हसून हसून बेजार झालो. नाना हसले नाहीत. जेवणाच्या सुट्टीत ते एकटेच कॉम्प्युटरच्या खोलीत बसून राहिले होते.

का, ते मला त्यांनी एकदाच सांगितलं, ते पण मी फार मागे लागले म्हणून. मी नोकरीला लागायच्या कितीतरी आधी, एका पावसाळ्यात, नदीच्या वरच्या अंगाला पट्टी वाहून गेली आणि नोंद आली नाही. नानांच्या प्रोग्रामने त्या कोऱ्या जागेचं शून्य केलं. तक्त्यात नदी कोरडी दिसली, पाहणाऱ्याला हायसं वाटलं, आणि खालच्या वस्तीला कुणी निरोप दिला नाही. दोन म्हाताऱ्या आणि एक गोठाभर गुरं गेली. "यंत्राची रीतच तशी, तुमचा काय दोष, असं सगळे म्हणाले," नाना म्हणाले. "पण प्रोग्राम माझा होता ना." मग चष्मा पुसत बसले. मला तेव्हा त्यांची फार कीव आली.

तेव्हापासून कोरी जागा दिसली की नाना आधी विचारायचे. निरोप, फोन, जे मिळेल ते. पट्टीच्या गावाला जाणारा एसटीचा कंडक्टर सापडला तर त्याच्याकडेही चिठ्ठी देत. एकदा पांझरेकडचा एक मोजणीदार स्वतःच आला, घाबरलेला. नोकरी जाणार असं त्याला वाटलेलं.

"नाना, पट्टीच वाही गयी. माले काय मालूम पानी कितलं शे? बठ्ठं पानीच पानी व्हतं."

"बरं केलंस आकडा लिहिला नाहीस ते," नाना म्हणाले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

मग नवीन कॉम्प्युटर आला. त्याच्यात गणिताची वेगळी चिप होती. जुन्या यंत्रावर चुकून शून्याने भागाकार झाला की प्रोग्राम जागच्या जागी मरायचा. हे मरत नव्हतं. एकाला शून्याने भागलं की ते 'अनंत' असं उत्तर द्यायचं आणि पुढच्या कामाला लागायचं. आणि शून्याला शून्याने भागलं, तर ते सांगायचं की हा आकडाच नव्हे. नाना त्या दिवशी लहान मुलासारखे खूश होते. मला हाताला धरून पडद्यासमोर बसवलं.

"बघा, हे यंत्र 'मला माहीत नाही' म्हणतं. आयुष्यात पहिल्यांदा असं यंत्र बघतोय."

"त्यात काय एवढं?"

"आता ह्याच्यात पाच मिळवा."

मिळवले. उत्तर तेच, आकडाच नव्हे. कशानेही गुणा, काहीही वजा करा, ते ज्याला शिवेल त्याचं तेच होऊन जायचं. शेवटी नानांनी त्याची तुलना त्याच्याशीच करायला लावली. हा हा-च आहे का? यंत्र म्हणालं, नाही.

"स्वतःलासुद्धा ओळख देत नाही," नाना म्हणाले. त्यांना ते फारच आवडलं होतं.

त्यांनी मग सगळे नऊशे नव्व्याण्णव काढून टाकले आणि नोंद नसेल तिथे हे बसवलं. वर्षाचा अहवाल छापला तर पानंच्या पानं 'आकडा नव्हे' निघाली, कारण एकही दिवस न चुकलेली पट्टी आमच्याकडे जवळपास नव्हतीच. साहेब लाल झाले. "एक दिवस नाही म्हणून अख्खं वर्ष नाही? नाना, डोकं ठिकाणावर आहे का?" नाना शांतपणे म्हणाले, "एक दिवस माहीत नाही, तर वर्ष माहीत आहे असं कसं म्हणायचं, साहेब?" शेवटी तडजोड झाली. जेवढे दिवस माहीत तेवढ्यांचीच सरासरी, आणि शेजारी किती दिवस माहीत नाहीत तेही छापायचं. नाना महिनाभर कुरकुरत होते.

अशा माणसाबरोबर रोज काम करणं सोपं नव्हतं. लग्नाला किती माणसं येणार, पाऊस पडेल का, अमक्याची बदली होईल का, कशालाच ते सरळ उत्तर देत नसत. 'असेल', 'साधारण', 'धरून चाला' हे शब्द त्यांच्यासमोर वापरायची चोरी. मी कधी वैतागून म्हणायचे, "नाना, तुमच्या घरी स्वयंपाक तरी कसा होतो? किती भाकऱ्या थापायच्या हे कुणाला माहीत असतं?" यावर ते मनापासून हसायचे. नानी फार आधी वारल्या होत्या. घरात ते, मुलगा आणि सून, एवढीच माणसं होती.

मुलगा पाइपच्या कारखान्यात कामाला होता, दुकानदारांकडे फिरून मागणी आणायचं काम. लग्नाला दोनेक वर्षं झालेली. सून लता, पहूरची, शेतकऱ्याची मुलगी, हसली की सगळे दात दिसायचे. मी त्यांच्याच गल्लीत राहायचे, त्यामुळे आमचं चांगलं जमलं होतं. ती मला ताई म्हणायची आणि माझ्याकडून स्वेटर विणायला शिकायची.

एका पावसाळ्यात मुलगा धुळ्याला म्हणून एसटीने गेला आणि परत आला नाही.

भांडण नव्हतं, चिठ्ठी नव्हती, कुणाशी वैर नव्हतं. नानांनी रजा टाकली आणि धुळ्यातले लॉज, दवाखाने, दुकानं पालथी घातली. ज्या दुकानात तो जायचा होता तिथे पोचलाच नव्हता. स्टँडवर उतरलेला एका ओळखीच्या माणसाने पाहिला होता, तेवढंच. त्यापुढे काहीच नाही. तीन आठवड्यांनी धुळ्याच्या पोलिसांचा निरोप आला, पांझरेत एक प्रेत सापडलंय, ओळखायला या.

आम्ही तिघं गेलो, नाना, लता आणि मी. सरकारी दवाखान्याच्या मागच्या बाजूला ती खोली. लताला मी बाहेर बाकावर बसवलं. ती बसून राहिली नाही, दाराशी येऊन उभी राहिली. नाना हवालदाराबरोबर आत गेले. प्रेत पाण्यात बरेच दिवस होतं, चेहरा उरला नव्हता, हे हवालदाराने आधीच सांगितलं होतं. नाना आत बराच वेळ थांबले. चादर पायाकडून वर केलेली मला दिसली, तेवढ्यात मी तोंड फिरवलं.

बाहेर आले तेव्हा हवालदाराने कागद पुढे केला. "तुमचाच का?"

"सांगता येत नाही," नाना म्हणाले.

"अहो, बापच ना तुम्ही? हो की नाही?"

"सांगता येत नाही."

"मी कागदावर काय लिहू?"

"'नाही' लिहू नका. ओळखता आलं नाही, असं लिहा."

हवालदार माझ्याकडे बघायला लागला, जणू मी ह्या माणसाला शुद्धीवर आणणार होते. मला तर नानांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. ही पोर दारात उभी आहे, तिला हो म्हणा किंवा नाही म्हणा, इथे तरी तुमचं ते यंत्र बाजूला ठेवा! पण मी फक्त लताला हाताला धरून स्टँडकडे निघाले. परतीची एसटी पारोळ्याला थांबली. मग लताने विचारलं, "नाना, ते नव्हते ना?"

"माहीत नाही, बेटा," नाना म्हणाले आणि खिडकीकडे वळले.

त्यानंतर त्या घरात जे सुरू झालं त्याला मी जगणं म्हणणार नाही. लता मंगळसूत्र घालायची, वडाला फेऱ्या घालायची, ताटं तीन वाढायची आणि एक झाकून ठेवायची. चैत्रात गल्लीत हळदीकुंकवाला तिला बोलावणं यायचं, पण करंडा हातात घेतलेली बाई तिच्यापाशी येऊन क्षणभर थबकायची. हिला लावायचं की नाही? कुणी लावायचं, कुणी पुढच्या बाईकडे सरकायचं. एकदा माझ्यादेखत असं झालं, तेव्हा मी त्या बाईच्या हातातला करंडा हिसकावून स्वतः लताला कुंकू लावलं आणि वर चार शब्द सुनावले. घरी येताना लता म्हणाली, "ताई, त्यांची काय चूक? मलाच कुठं माहितीये मी कोण आहे ते."

माहेरचे न्यायला यायचे, ती जायची नाही. नानांना एकटं कसं सोडू म्हणायची. आणि नाना? ते ऑफिसात येत, प्रोग्राम लिहीत. बोलणं कमी झालं, बाकी सगळं तसंच. कुणी धीर द्यायला म्हणालं, "येईल हो कधीतरी," तर "तुम्हाला काय माहीत?" आणि कुणी म्हणालं, "आता मनाची तयारी करा," तरी "तुम्हाला काय माहीत?" लोक मागे म्हणायचे, म्हातारा हट्टी आहे, कॉम्प्युटरने डोकं फिरवलंय. मीही म्हणायचे. खोटं कशाला सांगू, मला त्या काळात ते नकोसे झाले होते.

अशी वर्षं गेली. सात वर्षं ज्याची खबर नाही त्याला कायदा मेलेला धरतो. ते पुरं झालं तसा लताचा भाऊ पहूरहून आला. फैजपूरला एक मास्तर होते, बायको वारलेली. त्यांनी लताला एका लग्नात पाहिलेलं, त्यांची तयारी होती. फक्त कोर्टाचा कागद हवा होता, आणि त्यासाठी बापाचं शपथेवरचं निवेदन. लताने मला ते सांगितलं तेव्हा ती खाली मान घालून लसूण सोलत होती.

"मला जायचंय, ताई," ती म्हणाली. "मला मूल हवंय. अजून होईल. नाना हो म्हणतील का?"

नाना हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. वकिलाकडे जायचा दिवस ठरला की त्यांना ताप यायचा, नाहीतर ऑफिसात काम निघायचं. भाऊ चिडला, पुन्हा यायचा नाही म्हणून गेला. मास्तर थांबणार तरी किती? मला वाटलं, आता पुरे. तो कागद मी स्वतः वकिलाकडून आणला आणि रविवारी दुपारी नानांच्या घरी जाऊन बसले. लता स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

"नाना, तो मेला असं ह्यात कुठेही म्हटलेलं नाही," मी म्हणाले. "तुमच्या नियमात बसतंय. मी वाचून दाखवते." आणि वाचलं. माझा मुलगा अमुक दिवशी घरातून गेला. त्यानंतर आजपर्यंत तो मला दिसलेला नाही. त्याच्याविषयी मला कोणतीही माहिती मिळालेली नाही. हे मी शपथेवर सांगतो.

नानांनी पेन हातात घेतलं. मग टोपण परत लावलं.

"हे खोटं आहे," ते म्हणाले.

"काय खोटं?"

"तो मला दिसला होता."

मला वाटलं, कुठे तरी भेटला असेल, जिवंत आहे. स्वयंपाकघराच्या दारात लता येऊन उभी होती, हातात सांडशी.

"धुळ्याला," नाना म्हणाले. "उजव्या पायाची करंगळी. सायकलच्या चेनमध्ये गेली होती, सहावीत असताना. मीच उचलून नेला होता दवाखान्यात. ती मी कुठेही ओळखली असती."

आत चहा उतू जाऊन गॅसवर चरचरला.

"हवालदाराने विचारलं तेव्हा ही दारात उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. मी म्हटलं, आज नको. उद्या सांगू. एक दिवस तेवढा कोरा ठेवू." त्यांनी पेन कागदावर ठेवलं. "दुसऱ्या दिवशी जमलं नाही. मग कुठल्याच दिवशी जमलं नाही. जन्मभर सगळ्यांना सांगत आलो, कोऱ्या जागी शून्य लिहू नका. आणि मी... मला शून्य दिसलं होतं, बेटा. मी कोरं लिहिलं."

मी लताकडे बघू शकले नाही. मला वाटलं ती किंचाळेल, ती सांडशी फेकून मारेल, आणि मारली असती तर मी तिला अडवलं नसतं. सात वर्षं झाकून ठेवलेलं ताट. कुंकवाच्या करंड्यासमोर उभं राहणं. ती मात्र सरळ आवाजात बोलली, काहीतरी राहून गेलेलं विचारावं तशी.

"मग त्यांना अग्नी कुणी दिला?"

नानांनी मान वर केली. बेवारस प्रेतांचं काय करतात, कोण नेतं, जाळतात की पुरतात, कुठे, हे सगळं त्यांच्या चेहऱ्यावर एकामागून एक उमटताना मला दिसलं.

"मी विचारलं नाही," ते म्हणाले.

लताने सांडशी ओट्यावर ठेवली. गॅस बंद केला. मग ती मोरीत गेली आणि अंगावरच्या साडीनिशीच डोक्यावरून पाणी घेऊ लागली. मेल्याची बातमी उशिरा कळली तर आमच्याकडे अशीच आंघोळ करतात. दार लावायचंही तिला सुचलं नव्हतं. पहिली बादली संपली तसा तिने पुन्हा नळ सोडला, आणि बादली भरेपर्यंत नाना भिंतीला हात लावून उभे होते.